पाऊल कोठे टेकावे?

मोटारसायकल विकत घेताना माणसे इंजिनाची ताकद विचारतात, लिटरमागे किती धावते हे खोदून खोदून विचारतात, आणि रंग तर घरातील लहानथोरांच्या मतदानानेच ठरतो. परंतु ‘या गाडीवर माझे पाऊल नेमके कोठे टेकणार?’ असा प्रश्न करणारे गिऱ्हाईक आमच्या पाहण्यात अद्याप आलेले नाही. वास्तविक गाडीशी स्वाराचा संबंध येतो तो तीनच ठिकाणी. बैठक, हात आणि पाय. बैठक टोचली तर दहा मैलांत कळते. हात अवघडले तर माणूस वाटेत थांबून चहा घेतो. पायांचे दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना उमगते, आणि तोवर त्याचा दोष वयाच्या माथी मारला गेलेला असतो.

या सदरातून एरवी ग्रंथांविषयी चार शब्द लिहिणाऱ्या लेखणीने आज नटबोल्टांचा विषय काढावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आम्ही राहतो ते संकेश्वर पुणे–बेंगळूर हमरस्त्यावर. उत्तरेस तवंदीचा घाट ओलांडला की निपाणी, दक्षिणेस वंटमुरीचा घाट ओलांडला की बेळगाव, आणि गडहिंग्लज, आजरा, आंबोली करीत बांद्याला उतरणारा रस्ता तर येथूनच फुटतो. बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथील वाचकांस आमचे गाव माहीत असलेच तर ते लाल मिरचीमुळे किंवा शंकराचार्यांच्या मठामुळे. आम्हांस ते ऐकून ऐकून माहीत झाले आहे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून. गेल्या वीसपंचवीस वर्षांत या आवाजांत एका नव्या ठेवणीच्या मोटारसायकलीची भर पडली आहे. इंग्रजीत तिला क्रूझर म्हणतात. बैठक खाली, हॅंडल उंच आणि मागे ओढलेले, पाय पुढे सोडलेले. लांबून पाहावे तर मनुष्य आरामखुर्चीसह चालला आहे असा भास व्हावा.

ही ठेवण मूळची अमेरिकेची. तेथील रस्ते शेकडो मैल सरळ, माणसे लांब तंगड्यांची. १९०३ साली मिल्वॉकी येथे सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांनी ही बैठक जगभर रूढ केली. आपल्याकडे बजाजने २००१ साली एलिमिनेटर आणि २००५ साली अ‍ॅव्हेंजर आणली. रॉयल एनफील्डने २००२ साली थंडरबर्ड आणि २०२० साली मेटिऑर काढली. गाडी आली, पण पाय आले नाहीत. शाळेत पाचवीच्या मुलाला आणि दहावीच्या मुलाला एकाच मापाच्या बाकावर बसविले म्हणजे जे होते, तेच येथे होते. पाच फूट तीन इंचांचा गृहस्थ पाय पुढे ताणून बसतो, गिअर टाकताना प्रत्येक वेळी ढुंगण पुढे सरकवतो, आणि वर ‘आरामाची गाडी आहे’ असे सर्वांना सांगत फिरतो.

पाय पुढे असण्यात सुख नाही असे मात्र नव्हे. गुडघा कमी दुमडतो, आणि ज्यांचे गुडघे दुमडून राहिले की कुरकुरतात त्यांना हे फार मानवते. परंतु या सुखाची किंमत कंबर मोजते. पाय शरीराच्या खाली असले म्हणजे खड्डा दिसताच मनुष्य नकळत मांड्यांवर भार घेऊन बैठकीवरून बोटभर उचलला जातो. हादरा मांड्या गिळतात. पाय पुढे असले की उठता येत नाही. भार सगळा माकडहाडावर, आणि गावोगावच्या गतिरोधकांचा हादरा सरळ मणक्यांच्या माळेत. म्हणून ज्याची तक्रार गुडघ्याची त्याने पायटे पुढे न्यावेत आणि ज्याची तक्रार कमरेची त्याने मागे आणावेत, इतके ढोबळ मानाने म्हणता येईल. दोन्ही तक्रारी असणाऱ्याने काय करावे, असे कोणी विचारील. त्याने एस.टी.ने जावे.

आता खरी गोष्ट सांगावयाची ती अशी, की बहुतेकांना पायटे हलविण्याची गरजच नसते. गिअरची पट्टी ज्या दांड्यावर बसते त्या दांड्याला बारीक उभे दाते असतात. पट्टीचा बोल्ट दहाच्या पान्याने ढिला करावा, पट्टी ओढून काढावी आणि एक दाता वर किंवा खाली सरकवून पुन्हा बसवावी. एवढ्याने पट्टीचे टोक चांगले अंगुळभर हलते. ज्या गाड्यांना पट्टी आणि गिअरपेटी यांच्यामध्ये एक सळई असते, त्यांत तर हेही नको. सळईच्या एका टोकाला उजव्या आट्यांचा आणि दुसऱ्या टोकाला डाव्या आट्यांचा नट असतो. दोन्ही ढिले करून सळई नुसती फिरविली की पट्टी हळूहळू वरखाली होते, आणि मनाजोगी झाली की नट पुन्हा आवळावयाचे. पैशाचा खर्च नाही, वेळ पंधरा मिनिटांचा. पाऊल पायट्यावर नेहमीच्या सवयीने ठेवल्यावर बुटाचे टोक पट्टीखाली घोटा न वाकवता सरकले पाहिजे, आणि पट्टी दाबताना टाच पायट्यावरून उचलावी लागता कामा नये. माप घ्यावयाचे ते ज्या पादत्राणांनी रोज गाडी चालवावयाची ती घालून. गॅरेजात सपाता घालून माप देणारे आणि मग जाड तळव्याचे बूट घालून तक्रार घेऊन परत येणारे लोक थोडे नाहीत, असे आमच्या गावचा मेस्त्री सांगतो.

हा मेस्त्री कन्नडभाषी. गिऱ्हाईक निम्मे मराठी, निम्मे कानडी. कानडीत पायाला ‘कालु’ म्हणतात. त्याने ‘कालु नोवु?’ म्हणून विचारले की नव्याने आलेला मराठी मनुष्य ‘काल नव्हे, आज सकाळपासून दुखतोय’ असे उत्तर देतो, आणि गंमत अशी की उत्तर बरोबरच ठरते.

ब्रेकच्या पेडलाचे काम इतके सोपे नाही. येथे सोयीच्या आधी शिस्त. पेडल किती उंच राहावे यासाठी एक अडणीचा बोल्ट असतो; त्याने उंची ठरवावी. परंतु उंची बदलली की पेडल दाबल्यापासून ब्रेक धरीपर्यंतची मोकळीकही बदलते. मेस्त्री तिला ‘प्ले’ म्हणतात. ड्रमब्रेकच्या गाडीला ती साधारण दोन ते तीन सेंटिमीटर लागते आणि मागच्या चाकाजवळच्या नटाने ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते. मोकळीक राहिली नाही तर ब्रेक सदोदित किंचित धरलेला राहतो. गाडी जड चालते, ड्रम तापतो, लायनर झिजते. डिस्कब्रेकच्या गाडीत तर तेलाला परतण्याची वाटच बंद होते आणि चालता चालता ब्रेक आपोआप आवळत जातो. म्हणून हे काम झाल्यावर गाडी मधल्या स्टॅंडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले पाहिजे. आणि एक क्षुल्लक दिसणारी बाब हटकून विसरली जाते. मागचा लाल दिवा पेटविणारे बटण याच पेडलाला तारेने जोडलेले असते. पेडल खाली आले की दिवा एकतर अखंड पेटलेला राहतो किंवा ब्रेक लागून गेल्यावर पेटतो. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला आपले मनोगत कळण्याचे दुसरे साधन नाही.

टाचेने आणि अंगठ्याने, असा दोन्ही बाजूंनी चालणारा गिअर हा आमच्या मते मोटारसायकलीवरील सर्वांत सुसंस्कृत शोध होय. पुढची पट्टी बोटांनी दाबली की गिअर खाली, मागची टाचेने दाबली की वर. बोटे पट्टीखाली घालून उचलण्याचा प्रकारच नाही. आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. कोल्हापुरी चप्पल ही नावाने कोल्हापूरची असली तरी अथणी-निपाणीकडचे कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या ती करीत आले आहेत, आणि २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील चारचार जिल्ह्यांना मिळून. सीमेचा वाद चपलेने असा परस्पर मिटवून टाकला आहे! असो. अशी चप्पल घालून गिअर वर उचलावयाचा म्हणजे अंगठ्याचे चामडे पट्टीवर घासत राहते, आणि सहा महिन्यांत चप्पल चांभाराकडे जाते. चपला घालून मोटारसायकल चालवू नये हे आम्ही मुलांना सांगतोच. पण दुधाची किटली लावून मळ्यातून येणाऱ्याला बूट घाल म्हणून सांगणे आणि त्याने ते ऐकणे यांत अंतर आहे.

या सर्व प्रकरणातील गंभीर भाग यापुढे आहे.

आज ज्यांचे वय पंचवीस आहे त्यांना हे ठाऊकही नसेल, की बुलेटचा गिअर एके काळी उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. ही इंग्रजांची रीत. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड कंपनी निघाली तेव्हा इंग्लंडातील रेडिच येथील गाडी जशीच्या तशी येथे आली, आणि तिच्याबरोबर तिचे पायही आले. याउलट १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेल्या जावाचा गिअर डावीकडे. तोच दांडा आत दाबून वर फिरविला की किक होई. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. अमेरिकेने १९७४ साली डाव्या पायाचाच गिअर सक्तीचा केला, इंग्रज कारखान्यांना मुकाट्याने वळावे लागले, जपानी गाड्या तर आधीपासूनच डाव्या पायाच्या. आपली बुलेट मात्र देशी बाजारात आपला हट्ट पुढील तीसेक वर्षे चालवीत राहिली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोठे डावीकडे आली. जुन्या गाड्या लोकांनी मोडीत घातल्या नाहीत. बुलेट कोणी मोडीत घालीत नाही. ती वारशाने जाते. त्यामुळे आमच्या भागातील कित्येक घरांच्या पडवीत आज दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत आणि दोघींचे पाय एकमेकींच्या उलट आहेत.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावास असल्यामुळे या पट्ट्यात निवृत्त सैनिकांची घरे पुष्कळ. अशाच एका घरातील सुभेदारसाहेब आमचे स्नेही. सैन्यात आणि निवृत्तीनंतर मिळून चाळीस वर्षे त्यांनी उजव्या गिअरची बुलेट चालविली. जुन्या मारामुळे त्यांचा डावा गुडघा अलीकडे नीट वाकत नाही. मुलाने प्रेमापोटी त्यांच्यासाठी बैठी, नवी गाडी आणली आणि जुनी नातवाने घेतली. वरकरणी व्यवस्था उत्तम. परंतु उसाच्या हंगामात एके संध्याकाळी हिरण्यकेशी साखर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, असा अचानक पुढ्यात आला तेव्हा सुभेदारांचा डावा पाय चाळीस वर्षांच्या आज्ञेप्रमाणे ब्रेकसाठी खाली गेला. नव्या गाडीत तेथे ब्रेक नव्हता, गिअर होता. गिअर एक पायरी खाली पडला, गाडीने हिसका दिला, मागचे चाक घसरले. हाताचा ब्रेक वेळेवर लागला म्हणून वीतभर अंतर राहिले. ते सैनिक, त्यांनी हे घरी येऊन स्वतःच सांगितले. तेव्हा नातू म्हणाला, “आजोबा, मलाही असंच झालं होतं, पण मी बोललो नव्हतो.” त्याने जुन्या बुलेटवर घाबरून उजवा पाय दाबला होता. जुन्या बुलेटचा पहिला गिअर वर उचलून पडतो आणि बाकीचे तीन खाली दाबून. म्हणजे ब्रेक समजून दाबलेल्या पायाने गाडी थांबत तर नाहीच, वरचा गिअर पडून ती अधिक मोकळी धावते. त्या दिवशी समोर कुंपण होते, ट्रॅक्टर नव्हता, एवढाच फरक.

घरात मग खल झाला. जुन्या बुलेटचे पाय बदलून घ्यावेत असे मुलाचे मत. ते अशक्य नाही. गिअरपेटीपासून इंजिनाच्या मागून एक आडवा दांडा पलीकडे नेतात आणि डावीकडे पट्टी बसवितात. परदेशी पाठविलेल्या बुलेटींना कंपनीने स्वतः अशी सोय केलेली होती. परंतु प्रत्येक सांधा म्हणजे एक सैलपणा. काही महिन्यांत गिअर पडला की नाही हे पायाला कळेनासे होते, आणि ब्रेकची सगळी जुळणी उलट्या बाजूस न्यावी लागते ती वेगळीच. शिवाय जुन्या बुलेटमध्ये टाचेने दाबण्याची एक छोटी पट्टी असते, जिने पहिल्याखेरीज कोणत्याही गिअरमधून गाडी एका दाबात न्यूट्रलला येते. असे सुख नव्या गाडीतही नाही. ते मोडून टाकणे सुभेदारांना मानवेना, आणि आम्हीही त्यांच्याच बाजूचे. शरीराच्या सोयीसाठी यंत्र बदलावे हे खरे, पण जेथे अडचण गुडघ्याची नसून सवयीची आहे तेथे पाना चालत नाही.

शेवटी ठरले ते असे, की एका माणसाने एकच गाडी चालवावयाची. सुभेदारांनी आपली बुलेट परत घेतली नाही. डाव्या गुडघ्यामुळे ब्रेक दाबून धरणे त्यांना जड जात होते, आणि नव्या गाडीत तो उजवीकडे असल्याने दुखऱ्या पायाला फक्त गिअरच राहणार होता. मेस्त्रीने बोटांनी उचलण्याची पट्टी काढून टाच-अंगठ्याची बसविली, ती एक दाता खाली घेतली, ब्रेकचे पेडल पायट्याच्या पातळीला आणले. त्यानंतर तीन आठवडे सुभेदारांनी गाडी रस्त्यावर नेली नाही. मळ्यातील मोकळ्या मैदानात सकाळी अर्धा तास जावयाचे, नातवाने मध्येच ‘थांबा’ म्हणून ओरडावयाचे आणि त्यांनी थांबावयाचे. साठी उलटलेला सुभेदार नातवाच्या हुकमावर कवायत करतो हे पाहावयास वाडीतील मुले कुंपणावर बसत. आणि जुन्या बुलेटची किल्ली? ती नातवाकडेही राहिली नाही. तो रोज महाविद्यालयात डाव्या गिअरची गाडी नेतो. म्हणून बुलेट आता सुभेदारांच्या धाकट्या भावाकडे गेली आहे, ज्याने आयुष्यात दुसरी गाडी चालविलेली नाही.

तरुणांना पायटे पुढे नेण्याची हौस असते आणि त्यांना सुटे सामान मिळतेही. कारखान्याने त्याच गाडीसाठी केलेले, चौकटीच्या मूळच्या भोकांत बोल्टने बसणारे सामान असेल तर आमची हरकत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काहीही तयार करून मिळते, आणि तेथील कारागिरांच्या हातांविषयी आम्हांस आदरच आहे. पण चौकटीला पट्टी वेल्ड करून तिच्यावर माणसाचा भार टाकणे ही वेगळी बाब. वेल्डिंगशेजारचे पोलाद तापून ठिसूळ होऊ शकते, आणि ते तुटते ते नेमके भार पडतो तेव्हा, म्हणजे ब्रेक दाबताना. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिकच स्पष्ट केले. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी केलेल्या बदलांना कायद्यात वेगळी जागा आहे. ज्यांना तशी खरी गरज आहे त्यांनी परिवहन कार्यालयाची वाट धरावी. पायटे खाली आणले तर आंबोलीच्या वळणावर ते जमिनीला घासतात. ते वर दुमडणारे असले पाहिजेत, नाहीतर घासण्याऐवजी गाडीच उचलून टाकतात.

त्याहून वाईट म्हणजे लेगगार्डवर पाय टाकून हमरस्त्याने जाण्याची फॅशन. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. पाय गार्डवरून काढून ब्रेकवर आणण्यास अर्धा सेकंद धरला तरी सव्वाआठ मीटर गाडी बेवारशी गेली. उसाची ट्रॉली इतकी लांब नसते.

सुभेदारांच्या गाडीचे काम पुरे झाले त्या दिवशी सुभेदारीणबाई अंगणात आल्या. लुगडे सावरून एका बाजूस बसणाऱ्या त्या. त्यांच्यासाठी डाव्या अंगाला जाळी आणि पाय ठेवावयाची फळी होती. मागे बसणाऱ्यास पायटा, धरावयास मूठ आणि निम्मे चाक झाकणारी आडोशाची जाळी द्यावी असे १९८९ च्या नियमांतच आहे. एवढे सर्व होते, तरी त्या म्हणाल्या, “यांचा पाय झाला, माझा कोणी विचारला?” मेस्त्रीने त्यांना गाडीवर बसवून पाहिले. बैठक मागून उंच असल्याने त्यांचे गुडघे पोटाशी येत होते. फळी तीन बोटे खाली घ्यावी लागली. त्यासाठी नवा भाग लागला नाही; पट्टीला मुळातच दोन भोके होती आणि खालचे आजवर कोणी वापरलेच नव्हते.